विवराची प्रदक्षिणा

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून संयोजकांनी मला 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उद्याचं जग' असा विषय सुचवला होता. त्या विषयावर हल्ली गणपतीच्या मंडपातसुद्धा भाषणं होतात, म्हणून मी परवानगी काढून विषय बदलून घेतला. मी आज एका पायवाटेबद्दल बोलणार आहे. सव्वापाच किलोमीटरची वाट आहे, जिथून सुरू होते तिथेच परत येते. ती हवाई बेटांवर आहे आणि तिचा आपल्या शाळेमागच्या टेकडीशी संबंध आहे. तो कसा, ते ओघात येईलच.

२०२३ ची दिवाळी झाल्यावर मी आईला घेऊन हवाईला गेले. आई तेव्हा माझ्याकडे सहा महिन्यांसाठी आली होती. हवाई म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर समुद्रकिनारा येतो, पण आमचा मुक्काम होता त्या बेटसमूहातल्या सगळ्यात मोठ्या बेटावर, किलाउएआ नावाच्या ज्वालामुखीजवळ. १९१६ साली स्थापन झालेलं मोठं राष्ट्रीय उद्यान आहे तिथे. समुद्रसपाटीपासून साधारण १,२०० मीटर उंची, म्हणजे जवळजवळ आपल्या पाचगणीइतकी, आणि हवाही तशीच. थंड, ओली, अधूनमधून भुरभुर पाऊस. मुख्य विवराला लागून एक धाकटं विवर आहे. त्याचं नाव किलाउएआ इकी. 'इकी' म्हणजे धाकटा. वाट या धाकट्याची आहे. आधी काठाकाठाने जंगलातून जायचं, मग सव्वाशे मीटर खाली विवराच्या तळावर उतरायचं, तो तळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत ओलांडायचा आणि पलीकडून चढून परत काठावर यायचं.

बरेच लोक ही फेरी घड्याळाच्या उलट दिशेने करतात. आईने नकाशा पाहिला आणि म्हणाली, "अगं, ही उलटी प्रदक्षिणा झाली. देव उजव्या हाताला हवा." मी म्हटलं, इथे देव कुठे आहे? तर माहिती सांगणाऱ्या फलकाकडे बोट दाखवून म्हणाली, "ही काय लिहिलीय." खरंच लिहिलं होतं. किलाउएआ हे पेले या देवीचं घर मानतात. ज्वालामुखीची देवी, आणि हवाईच्या मूळ रहिवाशांसाठी ती आजही जागृत आहे. मग आम्ही सुलटी प्रदक्षिणा घातली. आईच्या गुडघ्यांच्या दृष्टीने ते बरंच झालं. पूर्वेची उतरण नागमोडी आणि सोपी आहे, आणि पायऱ्या-पायऱ्यांची बाजू चढायला वाट्याला आली. गुडघेवाल्यांना माहीत असतं, चढणं परवडतं, उतरणं नाही.

काठावरचं जंगल बघण्यासारखं आहे. माणसाच्या डोक्यावर छत्री धरल्यासारखी नेच्याची झाडं, त्यांना तिथे हापुऊ म्हणतात. त्यांच्यावर ओहिआ नावाचं झाड, त्याला लाल, केसाळ, शिरीषासारखी फुलं. या ओहिआला सध्या एका बुरशीने ग्रासलंय. हिरवं दिसणारं झाड काही आठवड्यांत वाळून जातं. म्हणून वाटेच्या तोंडाशी बूट घासायला ब्रश ठेवलेले असतात. जंगलात शिरण्याआधी आणि बाहेर पडल्यावर तळवे घासायचे, म्हणजे माती इकडची तिकडे जात नाही. आईने चारदा घासले.

आणि मग झाडं संपतात. वळणावळणाने खाली येता येता एका ठिकाणी हिरवं एकदम थांबतं आणि पुढे काळं सुरू होतं. डांबर ओतून अर्धवट सोडून दिलेल्या मैदानासारखं, लांबच्या लांब. कडेला जाड जाड फरशा उचकटून एकमेकींवर चढलेल्या, आत गेलं की बरंचसं सपाट. त्यावरून दूरवर माणसं चालताना दिसतात, मुंग्यांएवढी. त्यांच्याकडे बघितल्यावरच त्या जागेचा आकार कळतो. वाट दाखवायला ठिकठिकाणी दगडांच्या छोट्या राशी रचलेल्या असतात, त्यांना आहू म्हणतात. हौसेने आपली नवी रास रचू नका अशी सूचना असते, कारण खोट्या राशीच्या मागे जाऊन धुक्यात माणूस चुकू शकतो.

या काळ्या मैदानाचं वय मला आधीच माहीत होतं, पण त्यावर उभं राहिल्यावर ते पायांना कळलं. १४ नोव्हेंबर १९५९. आपल्याकडे बालदिन. त्या दिवशी संध्याकाळी या विवराच्या भिंतीला भेग पडून लाव्हा बाहेर यायला लागला. २० डिसेंबरपर्यंत, म्हणजे सव्वा महिना, तो सतरा वेळा उसळला आणि सतरा वेळा थांबला. सगळ्यात उंच कारंजं ५८० मीटर गेलं. एकावर एक आठ कुतुबमिनार ठेवले तर तेवढं होईल. विवराच्या तळाशी लाव्ह्याचं तळं साचलं, १०० मीटरपेक्षाही जास्त खोल. दर वेळी कारंजं थांबलं की तळ्यातला बराच लाव्हा ज्या तोंडातून आला त्याच तोंडातून परत आत ओढला जायचा. न्हाणीतल्या मोरीसारखा. भिंतींवर त्या तळ्याच्या चढत्या पातळीची रेघ अजून दिसते, घंगाळात पाण्याचा डाग राहतो तशी, आपल्या डोक्याच्या खूप वर. त्या रेघेखाली उभं राहणं ही जरा विचित्र भावना आहे.

मग तळं निवायला लागलं. वरून साय धरली. आणि इथून पुढची गोष्ट मला सगळ्यात आवडते. १९६० पासून पुढची वीस-पंचवीस वर्षं भूशास्त्रज्ञ पुन्हा पुन्हा या सायीवर यंत्र घेऊन जात आणि छिद्र पाडून बघत, की घट्ट दगड किती खोलपर्यंत झालाय आणि खाली अजून पातळ कुठून सुरू होतं. आमच्या कामात याला देखरेख म्हणतात, पण आमची देखरेख तीन महिन्यांनी कंटाळते. दर काही वर्षांनी साय जाड झालेली आढळायची, खालचा रस आटलेला. सबंध तळं घट्ट व्हायला १९९० च्या दशकाचा मध्य उजाडला. म्हणजे आपण इथे दहावीच्या वर्गात घाम गाळत होतो त्या सुमाराला, तिकडे त्या मैदानाखालचा शेवटचा रस गोठत होता. आतला दगड अजून गरम आहे. पावसाचं पाणी भेगांतून खाली झिरपतं आणि वाफ होऊन वर येतं. ती वाफ ठिकठिकाणी दिसते. आईने एका भेगेवर हात धरला. इडलीपात्राचं झाकण उचलल्यावर लागते तशी लागली म्हणे. मग तोच हात कपाळाला लावला.

भूगोलाच्या बाई समोर बसल्या आहेत, म्हणून आता जपून बोलते. बाई, तुम्ही आम्हाला शिकवलं होतं की महाराष्ट्राचं पठार लाव्हारसाचे थर साचून झालं. दोन मार्कांचा प्रश्न असायचा. आम्ही उत्तर लिहायचो, मार्क मिळायचे, आणि शाळा सुटली की त्याच लाव्हारसाच्या टेकडीवर जाऊन दिवाळीच्या किल्ल्यासाठी माती खणायचो. उत्तर आणि टेकडी या दोन गोष्टी डोक्यात कधी एकत्र आल्याच नाहीत. यात तुमचा दोष नाही बाई. 'लाव्हारस' म्हटल्यावर डोळ्यांपुढे काय आणायचं तेच आम्हाला माहीत नव्हतं. उसाच्या रसापलीकडे आमची मजल नव्हती.

ती एकत्र आणली आईने. तळाच्या साधारण मध्यावर ती वाकली, एका तुटक्या फरशीच्या कडेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "हा तर आपल्या जात्याचा दगड." माझी आजी जात्याला टाकी लावून घ्यायला दारात कोण आलंय म्हणून धावायची, आईने त्या दगडाच्या पीठभर खरखरीत अंगावर लहानपण काढलंय. तिला बेसाल्ट हा शब्द लागत नाही. तिने हाताने ओळखला. आणि ती बरोबर होती. तोच काळा दगड. तीच बारीक भोकं, लाव्ह्यातला वायू निसटताना राहिलेली. पुढे मात्र तिने जे विचारलं त्याने मी गप्प झाले. "आपल्या दगडाच्या भोकांत पांढरं असतं. याची रिकामी कशी?"

उत्तर आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. काचेच्या कपाटात खालच्या कप्प्यात एक काळा दगड ठेवलाय, त्याच्या खळग्यांत पांढरे चमकणारे स्फटिक आहेत. आम्ही त्याला सरसकट गारगोटी म्हणायचो. तो आपल्याच टेकडीवरचा आहे, आमच्या आधीच्या कुठल्या तरी तुकडीने आणून दिलेला. लाव्हा गोठला तेव्हा ती भोकं रिकामीच होती. नंतर दगडातून पाणी झिरपत राहिलं, त्यात विरघळलेली खनिजं भोकांच्या भिंतींवर कणाकणाने बसत गेली आणि भोकं भरली. असे झिओलाइटचे स्फटिक आपल्या पठारात इतके सुंदर मिळतात की जगभरच्या संग्रहालयांत ते आहेत. हवाईच्या त्या दगडाचं वय तेव्हा ६४ वर्षं होतं, आपल्या दगडाचं सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं. एकाची भोकं रिकामी, एकाची भरलेली.

आपल्याकडे मात्र असं विवर शोधत फिरू नका. लोक लोणारकडे बोट दाखवतात, पण लोणार उल्का आदळून झालं, तेही या लाव्ह्याच्या दगडातच. आपला लाव्हा बहुतेक लांबच लांब भेगांतून वर आला आणि पसरत गेला, एकावर एक. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर तो आहे आणि सह्याद्रीत त्याची जाडी एकदीड किलोमीटरपेक्षा जास्त भरते. किलाउएआ इकी त्यापुढे वाटीभर. पण दगड थिजण्याच्या रीती त्याच. गुळगुळीत, साय सुरकुतल्यासारख्या लाव्ह्याला हवाईच्या भाषेत पाहोएहोए म्हणतात, खडबडीत, पाय फाडणाऱ्याला आ-आ. हे दोन्ही शब्द जगभरच्या भूशास्त्राने घेतलेत, आणि सह्याद्रीचे थर वर्णन करतानाही आपले भूशास्त्रज्ञ हेच शब्द वापरतात. आपल्या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात ते स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून. घाटात गाडी वळली की समोरच्या डोंगराला पायऱ्या दिसतात ना, त्याच त्या. एक पायरी म्हणजे ढोबळ मानाने एक लोंढा.

आता एक गंमत सांगते, ही मी मुद्दाम आजच्या दिवसासाठी राखून ठेवली होती. आपला लाव्हा ज्या खोलवरच्या उष्ण जागेतून आला असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात, ती जागा आपल्या खालून कधीच मागे पडली. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला, ती जागा तिथेच राहिली. आज ती हिंदी महासागरात एका बेटाखाली आहे आणि त्या बेटावरचा ज्वालामुखी अजून जागा आहे. त्या बेटाचं नाव रीयुनियन. तेव्हा आपलं सगळ्यांचं रीयुनियन साडेसहा कोटी वर्षांपासून ठरलेलंच होतं म्हणायचं!

परत वाटेवर. तळ ओलांडायला आम्हाला तासभर लागला, कारण आई प्रत्येक रोपट्यापाशी थांबत होती. त्या काळ्या फरशांच्या भेगांतून ओहिआची हातभर उंचीची झाडं उगवली आहेत, लाल फुलांसकट, आणि नेचे, आणि ओहेलो नावाची लाल बोरं. भेगेत थोडा ओलावा, थोडी धूळ साचली की तेवढ्यावर येतात. मैदान भकास नाही, उशिरा सुरुवात झालेली आहे एवढंच. पश्चिमेच्या टोकाला ते तोंड दिसतं जिथून लाव्हा उसळला, आणि त्याच्यामागे उडालेल्या राखखडीची टेकडी, पुऊ पुआई. वाऱ्याने सगळी राखखडी एकाच बाजूला नेऊन टाकली, त्यामुळे त्या बाजूचं जंगल गाडलं गेलं आणि उलट्या बाजूचं हिरवं राहिलं. वारा कुठून होता हे तिथे आजही डोळ्यांनी वाचता येतं.

इथे आईने एक खडा उचलला. काचेसारखे हिरवे कण होते त्यात, ऑलिव्हिन नावाचं खनिज. तिच्या मनात काय होतं ते मला कळलं, देवघरात शाळिग्रामाशेजारी जागा आहे. पण वाटेवरच्या एका बाईंनी आधीच सांगितलं होतं की इथून दगड नेणं कायद्याने मना आहे, आणि नेलेले दगड लोक पुढे पोस्टाने परत पाठवतात, पेलेची माफी मागणारी चिठ्ठी जोडून. आईने खडा होता तिथेच, होता त्याच कुशीवर ठेवला. "जिचा तिला," म्हणाली. मग पायऱ्या चढायला लागली. चढताना ती चार वेळा बसली आणि चारही वेळा आधी उठली ती तीच.

काठावर येऊन डबा खाताना मी एक हिशेब मांडला. गरम वस्तू पृष्ठभागावरून निवत आत जाते तेव्हा घट्ट थराची जाडी वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. जाडी दुप्पट हवी तर वेळ चौपट. म्हणजे शंभर-सव्वाशे मीटरच्या तळ्याला ३५ वर्षं लागली, तर त्याच्या दहाव्या भागाएवढ्या जाडीच्या लोंढ्याला लागतील त्याच्या शंभराव्या भागाइतकी, म्हणजे चारेक महिने. ढोबळ आहे, पाऊसपाणी धरलेलं नाही. पण सह्याद्रीतली दहा-बारा मीटरची एखादी पायरी, जिला आपण युगायुगांची समजतो, ती एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंतच्या काळात थिजू शकते. मग एवढा प्रचंड काळ गेला कुठे? त्यातला पुष्कळसा दोन पायऱ्यांच्या मध्ये गेला. एक लोंढा थिजला, पुढचा येईपर्यंत कधीकधी इतका काळ लोटला की वरचा दगड ऊनपावसाने कुजून त्याची माती झाली. मग वरून पुढचा लोंढा आला आणि ती माती विटेसारखी भाजून निघाली. डोंगर कापलेला असेल तिथे हा तांबडा पट्टा दिसतो, दोन काळ्या थरांमध्ये, हात-दोन हात जाडीचा.

आणि तो पट्टा आपल्या टेकडीत आहे. शाळेच्या मागच्या कुंपणाला लागून जिथे पूर्वी थोडी कड कापली होती, तिथे. आपल्या किल्ल्यांची तांबडी माती तिथलीच. आमच्या किल्ल्यावर शिवाजी महाराज ज्या मातीवर उभे असायचे ती दोन लोंढ्यांच्या मधली, जेव्हा इथे आग नव्हती, फक्त ऊन आणि पाऊस होता, त्या काळाची माती होती. त्या काळात तिच्यावर काहीतरी उगवलंही असेल, आईच्या त्या हातभर झाडांसारखं.

आता जे बोलायचं म्हणून मी हा विषय घेतला ते बोलते. शाळेचं नवं सभागृह व्हायला हवं, त्याबद्दल दुमत नाही. निधीत आमच्या तुकडीचे पैसे आहेत, माझेही आहेत. दारात लावलेला नकाशा मी काल नीट पाहिला. त्यात सभागृहामागे गाड्या लावायला जागा दाखवली आहे आणि त्यासाठी ती कड सपाट करायची आहे. पोकलेनचं अर्ध्या दिवसाचं काम. मुरूम विकून चार पैसेही येतील, हिशेब चुकीचा नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की गाड्यांची जागा पूर्वेला, जुन्या सायकल स्टँडकडे न्यावी. आमच्या तुकडीत एक वास्तुविशारद आहे, त्याने रात्री बसून तसा नकाशा काढून दिलाय. गाड्या अकरा कमी बसतात. त्याबद्दल कुणाला राग येणार असेल तर तो माझ्यावर काढावा, मी रिक्षाने येईन.

किलाउएआ इकीच्या वाटेवर दर थोड्या अंतराने फलक होते. इथे काय झालं, केव्हा झालं, तुम्ही कशावर उभे आहात. आपल्याकडे असा एक फलक पुरेल. मजकूर बाईंनी लिहावा अशी माझी विनंती आहे, तपासायला भूशास्त्राच्या जाणकारांना दाखवू. नववीच्या वर्गाला वर्षातून एकदा तिथे उभं करावं आणि मग तो दोन मार्कांचा प्रश्न विचारावा.

जाता जाता तिकडची बातमी. आम्ही गेलो तेव्हा किलाउएआ शांत होता. २०२४ च्या डिसेंबरात शेजारच्या मोठ्या विवरात पुन्हा उद्रेक सुरू झाला, आणि १९५९ सारखाच, उसळायचं, थांबायचं, पुन्हा उसळायचं, असा. आईला मी व्हिडिओ दाखवला. तिने विचारलं, आपली वाट बुडाली का? नाही, म्हटलं, ते शेजारचं विवर आहे. मग ठीक आहे म्हणाली.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की निर्णय घेण्याआधी एकदा जागेवर यावं. उद्या रविवार आहे. सकाळी सात वाजता मागच्या फाटकापाशी आम्ही जमतोय, वॉचमनकाकांना किल्लीचं सांगून ठेवलंय. आईही येणार आहे. कडेची चढण पंचवीस-तीस पावलांचीच आहे, पण दव असतं, चपलांऐवजी बूट घाला.